दूध न पिणारं रेडकू

कृष्णात गवळ्यानं आमच्या शेडात येऊन जी ऑर्डर दिली, तसली ऑर्डर आम्हाला आधी कुणी दिली नव्हती. त्याला एक रेडकू करून हवं होतं. मान हलवणारं, शेपूट उडवणारं, म्हशीच्या कासेला ढुसण्या देणारं आणि दिसायला थेट खऱ्यासारखं. अट एकच होती. त्यानं दूध प्यायचं नाही.

मी त्याच्याकडं नीट बघून घेतलं. सकाळची वेळ होती, माणूस शुद्धीत होता.

आम्ही म्हणजे मी, स्नेहल, आणि माझी मैत्रीण मुबशिरा. शाळेत एका बाकावर बसायचो, आता एका शेडात बसतो. गणपतीत कोल्हापूरच्या मंडळांना हलते देखावे लागतात, ते आम्ही करतो. मुबशिराचे वडील अल्लाउद्दीनचाचा मोहरमला ताबूत बांधतात. बांबूच्या कामट्या वाकवून त्यावर कागद चढवायचं कसब तिनं त्यांच्याकडून उचललं आणि पुढं आर्ट कॉलेजात जाऊन त्यात भर घातली. ती आकार करते. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, त्यामुळं तो आकार हलवायचं काम माझं. भंगारातल्या वायपरच्या मोटरीवर मी आजवर हत्ती, राक्षस, एक अख्खी वरात आणि एका मंडळाच्या दिवंगत अध्यक्षांच्या पुतळ्याचा आशीर्वादाचा हात हलवलेला आहे.

त्या वर्षी एका मंडळानं गगनबावड्याच्या जंगलाचा देखावा सांगितला होता. त्यातला आमचा गवा मान वळवून फुरफुरायचा आणि पोरं आयांच्या मागं लपायची. कृष्णातमामानं तो गवा बघितला आणि तिथंच उभ्या उभ्या त्याच्या डोक्यात ही कल्पना शिरली.

मामा आमच्याच गल्लीतला. त्याचा गोठा आमच्या शेडच्या पाठीमागं आहे आणि आमच्या दोघींच्याही घरी त्याचंच दूध येतं. संध्याकाळी तो शेवंता नावाची म्हैस घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जातो. तिथं गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास लगेच हातात द्यायची पद्धत आहे. तालमीतली पोरं, कामावरून परतणारी माणसं, सगळे वाट बघत उभे असतात. शेवंता देखणी, पण मानी. नुकतीच व्यालेली. रेडकू आणून दोन घोट पाजल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही, आणि ते रेडकू एकदा कासेला लागलं की दोन घोटांवर थांबत नाही. मामा दावं ओढतोय, रेडकू सड सोडत नाही, गिऱ्हाइकं घड्याळ बघताहेत, असा तमाशा रोज चालायचा.

त्यातून तो निघाला रेडा. पारडी असती तर मोठी होऊन तिची म्हैस झाली असती, घराण्याचं नाव चाललं असतं. रेड्याला पोसून करायचं काय, असा मामाचा रोकडा सवाल होता.

"उचगावकडचा एक माणूस हाय, त्यो न्हेतो," तो म्हणाला.

"नेऊन काय करतो?" मुबशिरानं विचारलं.

"त्ये मी इचारत न्हाय."

पूर्वीचे लोक मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायचे. मामाच्या आईला, बायडाआज्जीला, ते बघवत नव्हतं, आणि आईचा शब्द मोडायची मामाची छाती नव्हती. म्हणून त्यानं हा नव्या जमान्याचा तोडगा काढला होता. आमचं रेडकू तयार झालं की खरं रेडकू उचगावला रवाना.

मी त्याला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात मुबशिरानं ऑर्डर घेतली. वर एक अट घातली. खऱ्यासारखं हवं तर खरं समोर पाहिजे, तेव्हा धारेच्या वेळा सोडून रेडकू दिवसभर आमच्या शेडात राहील. मामाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो गेल्यावर मी तिच्यावर एवढी भडकले की हातातली पक्कड फेकून दिली, आणि मग मलाच शोधावी लागली.

तिचा हिशेब साधा होता. आपण नाही म्हटलं तर मामा त्या माणसाला आजच फोन करेल. हो म्हटलं तर काम संपेपर्यंत रेडकू जिवंत. आणि शेवटी काय होणार? म्हैस पिल्लाला वासावरून ओळखते. आमच्या मालाला वास येतो फेविकॉल आणि ऑइलपेंटचा. शेवंता एकदा हुंगेल, एक लाथ घालेल, मामाचं डोकं ठिकाणावर येईल आणि रेडकू गोठ्यात राहील. मला हे पटलं. खरं सांगायचं तर शेवंता लाथ घालतानाचं दृश्य मला मनापासून आवडलं.

मुबशिराचं एक जुनं दुखणं होतं, ते इथं सांगायला हवं. तिनं मागं एक प्रदर्शन भरवलं होतं. पोल्ट्रीतल्या कोंबड्या, बाजारातले बोकड, नांगराचा एक म्हातारा बैल, अशा सगळ्यांची चित्रं तिनं संस्थानिकांच्या तसबिरी असतात त्या थाटात काढली. मखमली पडदा, सोनेरी चौकट, खाली नाव. ह्या जिवांकडं जरा माणसांनी थांबून बघावं, एवढीच तिची इच्छा. लोक थांबले, बघितलं, काय हुबेहूब म्हणाले. एका गृहस्थांनी तर बोकडाच्या चित्रापुढं उभं राहून जवळपास चांगलं मटण कुठं मिळतं ते विचारलं. तेव्हापासून ती चित्रं कापडात गुंडाळून माळ्यावर पडली आहेत.

तर रेडकू शेडात आलं. काळंभोर, गुडघे मोठे, पापण्या लांब. पहिल्या दिवशी त्यानं ताबुतासाठी आणलेला सोनेरी कागद खाल्ला. दुसऱ्या दिवशी माझी ओढणी. चालायची ऐट अशी की जणू शेड त्याच्या आज्यानं बांधलेलं आहे. मुबशिरानं त्याचं नाव नवाब ठेवलं. मामा म्हणाला, नाव ठेवू नका, नाव ठेवलं की अवघड होतं. म्हणून तर ठेवलं, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुपारी नवाब कोपऱ्यात गोणपाटांच्या ढिगावर झोपायचा. झोपेत त्याचे कान हलायचे. मुबशिरा वही घेऊन ते कान काढत बसायची आणि मी मोटर बसवायची सोडून तिच्या खांद्यावरून बघत बसायची. मला जनावरांची कधी फार ओढ नव्हती. पण तो जागा झाला की पहिल्यांदा माझ्याकडं यायचा आणि माझ्या कोपराला ढुसण्या देत दूध शोधायचा. मी त्याला रागं भरायची आणि कोपर तिथंच ठेवायची.

घरी हे सगळं मी आईला सांगायची. माझ्या आईला सगळी गल्ली अक्काताई म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. आमचं घर जैनांचं आणि अक्का त्यातली कडक. जेवण सूर्यास्ताच्या आत, पाणी गाळून, दिवा लावला की त्यावर उडून येणाऱ्या पतंगांची काळजी. उचगावच्या माणसाचं ऐकून ती हळहळली. कसली पापी माणसं असतात जगात, म्हणाली आणि दुधाला विरजण लावायला उठली.

काम लांबवायचं, असं आमचं ठरलं होतं. मुबशिरानं कान दोनदा काढून पुन्हा बसवले. डोळ्यांसाठी काचा मनासारख्या मिळेनात म्हणून चार दिवस घालवले. मामा रोज येऊन तगादा लावायचा आणि ती त्याला कलेतल्या अडचणी समजावून सांगायची. पण आमच्या दोघींत एक खोड आहे. आम्हाला वाईट काम करता येत नाही. मला ढुसणीचा झटका नुसता मागं-पुढं नको होता, खऱ्या रेडकासारखा खालून वर हवा होता, आणि तो साधला त्या दिवशी मी शेडात नाचले. मुबशिराला कातडीचा पोत कशानंच मिळेना. कागद गुळगुळीत, कापड मऊ. शेवटी तिनं कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, काळं रंगवलं, पातळ खळ लावून सांगाड्यावर चढवलं आणि मागं सरकून बघितलं. नवाबच उभा होता. खऱ्या नवाबानं येऊन त्याला हुंगलं आणि त्याच्या शेजारी बसून रवंथ करायचं नाटक केलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा मामानं आणखी थांबायला नकार दिला. एका संध्याकाळी आमचं रेडकू हातगाडीवर बसून गंगावेशीत निघालं. मागनं मी बॅटरी घेऊन आणि माझ्या मागनं मुबशिरा. कट्ट्यावर ही गर्दी. मामानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

गाडी शेवंताच्या पुढं लावली. मी बटण दाबलं. रेडकानं मान वर केली, शेपूट उडवलं. शेवंतानं एक पाऊल मागं घेतलं, फुरफुरली, मान खाली घातली. आता लाथ, मी मनात म्हटलं. तिनं हुंगलं. कानामागं हुंगलं, पाठीवर हुंगलं, पोटाखाली हुंगलं. मग जीभ काढून त्या गोणपाटाला चाटायला लागली. मामानं गाडी कासेपाशी सरकवली, आमच्या वायपरच्या मोटरीनं खालून वर अशी एक सुरेख ढुसणी दिली आणि शेवंतानं सगळाच्या सगळा पान्हा सोडला.

कट्ट्यावर टाळ्या पडल्या. एक पैलवान माझ्या डोक्यावर हात ठेवून वाघीण म्हणाला. मुबशिरा मात्र पांढरी पडली होती. तिनं माझा हात घट्ट धरून कानात एकच शब्द सांगितला.

"गोणपाट."

नवाब त्याच गोणपाटांवर झोपायचा. तिथंच लोळायचा, तिथंच मुतायचा, तीच चघळायचा. तिनं पोत बघून उचललेलं कापड त्याच्या अंगाच्या वासानं माखलेलं होतं. आमच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम जमून गेलं होतं आणि त्याच्यामुळं नवाब मरणार होता. टाळ्या चालूच होत्या. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्या मोटरीचा.

मामा खुशीत होता. त्या उचगावकडच्या माणसाला तो दुसऱ्याच दिवशी बोलावणार होता, पण बायडाआज्जी आडवी आली. दिवाळीत दावणीचं जनावर घराबाहेर जात नाही, म्हणाली. मग भाऊबीजेचा दिवस ठरला. भाऊबीजेला सकाळी माणूस येईल, नवाबाला घेऊन जाईल. आणि त्याच्या आदल्या दिवशी पाडवा.

कोल्हापुरात पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघते, हे बाहेरच्यांना सांगितलं तर हसतात. हसू देत. शिंगं रंगवलेली, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांच्या माळा, केस कातरून तेल लावलेलं अंग. मालक मोटारसायकलचा आवाज काढत पुढं सुटतो आणि त्याची म्हैस नुसत्या त्या आवाजावर गर्दीतून त्याच्या मागं धावते. म्हशींच्या अंगावर रंगानं काहीबाही लिहिलेलं असतं. कुणी तालमीचं नाव लिहितं, कुणी वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणी झाडं लावा. त्या वर्षी मामाला गाडीमागं आमचं रेडकू जोडायचं होतं आणि त्याच्या मागं शेवंता. असली करामत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. नंबर आपलाच, असं तो आत्तापासूनच सांगत फिरत होता. रेडकू सजवायचं काम अर्थातच आमच्याकडं आलं.

मी म्हटलं, वायर कापते, मिरवणुकीत बंदच पडू दे. मुबशिरा म्हणाली, तो दुरुस्त करून घेईल, नाहीतर नुसतं गोणपाट पुढं ठेवूनही भागवेल. मग तिनं ब्रश धुतला, पांढरा रंग कालवला आणि कामाला बसली. डाव्या अंगावर मामानं सांगितल्याप्रमाणं मोठ्या अक्षरांत लिहिलं, कृष्णात दूधवाले. मग रेडकाच्या पलीकडं गेली. लिहून झाल्यावर मला बोलावलं. मी वाचलं आणि खाली फरशीवर बसले.

तिला म्हटलं, मामा आपल्याला गल्लीत राहू देणार नाही. ती म्हणाली, राहू देवो न देवो, माळ्यावर टाकण्यासारखं हे चित्र नाही.

पाडव्याला दुपारी आम्ही रेडकू चाकांच्या फळीवर चढवून मामाच्या मोटारसायकलला जोडलं, उजवं अंग भिंतीकडं करून. मामा फेटा बांधून आला होता. त्यानं स्वतःचं नाव वाचलं, खूश झाला आणि गाडीवर बसला. गाडी सुटली. रेडकू शेपूट उडवत, ढुसण्या देत निघालं आणि शेवंता त्याच्या मागं अशी पळाली की तिच्या माळेतल्या कवड्या उडाल्या. तिला गाडीच्या आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं, ती आपल्या लेकराच्या मागं पळत होती. लोक शिट्ट्या मारत होते. डाव्या बाजूचे टाळ्या वाजवत होते. उजव्या बाजूचे आधी हसायचे, मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसून दाखवायचे आणि मग त्यांचं हसणं थोडं अडखळायचं.

चौकात मंडप होता. तिथं अमरसिंह नावाचा गडी माइक धरून उभा असतो, प्रत्येक म्हशीच्या अंगावरचा मजकूर लाउडस्पीकरवर वाचायचं काम त्याच्याकडं. आवाज दांडगा आणि वाचताना अर्थाकडं लक्ष नाही. मामाची गाडी थांबली ती मंडपाला उजवं अंग दाखवून.

"मी दूध पीत न्हाय," अमरसिंह गरजला, "म्हणून मला ठेवलंय."

चौक हसला. मामाही हसला, कारण सगळे हसत होते.

"जो दूध पितो," अमरसिंहानं पुढची ओळ घेतली, "त्यो उद्या जाणार हाय."

एवढं वाचून तो स्वतःच थांबला. हसणारे थांबले. मालकाला एखादा प्रश्न विचारायची त्याची नेहमीची सवय, त्या सवयीनं त्यानं माइक मामाच्या तोंडापुढं धरला.

"कृष्णातराव, उद्या कोण जाणार हाय?"

तो प्रश्न चारी बाजूंच्या कर्ण्यांतून गल्लीगल्लीत गेला. मामानं मागं वळून रेडकाकडं बघितलं. गाडीवरून उतरला, फिरून उजव्या बाजूला गेला आणि सावकाश वाचलं. मग गर्दीत आम्हाला शोधलं. मुबशिरा ताठ उभी होती, पण तिनं माझी ओढणी मुठीत धरली होती.

मंडपाशेजारी खुर्चीवर बायडाआज्जी बसली होती. तिला वाचता येत नाही, पण लाउडस्पीकर ऐकू येतो. ती उठली आणि गर्दीतून गोठ्याच्या बाजूला निघून गेली. मामा माइकपुढं तसाच उभा. कोण न्हाय, कोण न्हाय जाणार, असं काहीतरी पुटपुटला. अमरसिंहानं विचारलं, मग हे लिहिलंय ते काय? मामानं फेट्याच्या टोकानं कपाळावरचा घाम पुसला. इतक्या वर्षांत मी त्याला असा अडकलेला कधी बघितला नव्हता आणि मला त्याची दयाही आली, हे कबूल करते.

तेवढ्यात मागनं पोरांचा आरडाओरडा ऐकू आला. आज्जीनं दावं सोडलं होतं. नवाब गर्दीतून वाट काढत, ऐटबाजपणा सगळा विसरून, चार पाय चार दिशांना टाकत धावत आला. शेवंता हंबरली. तो थेट तिच्या पोटाखाली घुसला आणि भर चौकात, मिरवणुकीच्या मधोमध, दूध प्यायला लागला. शेवंता डोळे मिटून त्याची पाठ चाटत होती. आमचं रेडकू पुढं गाडीला बांधलेलं हवेत ढुसण्या देत होतं. मोटर बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही.

मागं म्हशींची रांग लागली, हलगीवाला वाजवायचा थांबला, पण कुणी मामाला पुढं हो म्हणालं नाही. सगळा चौक एका रेडकाचं पोट भरायची वाट बघत उभा होता. मला रडायला यायला लागलं आणि त्याच वेळी हसायलाही येत होतं.

मामानं ते बघितलं. आईकडं बघितलं. ती दावं हातात गुंडाळत उभी होती आणि तिची नजर काही मऊ नव्हती. मग त्यानं अमरसिंहाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"रेडा हाय त्यो माझा," तो म्हणाला. "पुढच्या पाडव्याला ह्या गाडीमागनं पळंल. ज्याला बघायचंय त्यानं यावं."

काय शिट्ट्या पडल्या म्हणून सांगू. आमच्या गावात माणूस एकांतात दिलेला शब्द एखाद वेळेस विसरेल. लाउडस्पीकरवर बोललेला शब्द विसरायची सोय नाही, पुढच्या पाडव्यापर्यंत रोज कुणीतरी रेडा कसा आहे म्हणून विचारणार. नंबर मामाला मिळाला नाही. पण कोडोलीचा एक पाहुणा आम्हाला गाठून आपल्यालाही असलंच एक रेडकू करून द्या म्हणाला, मजकूर न लिहिता. मुबशिरानं त्याला सांगितलं, देते की, फक्त तुमचं खरं रेडकू दिवसभर आमच्याकडं सोडावं लागेल आणि काम कधी संपेल ते सांगता येत नाही. पाहुणा विचार करतो म्हणून गेला, तो अजून करतोय.

संध्याकाळी मामा शेडात आला. आमचं रेडकू त्यानं कोपऱ्यात लोटलं आणि स्टुलावर बसला. रागावलेला होता, आणि तो राग त्यानं लपवला नाही. गल्लीसमोर माझं नाक कापलंत, म्हणाला. तोंडावर सांगायचं होतंत. मी म्हटलं, तोंडावर सांगितलं असतं तर ऐकलं असतंस का? त्यानं यावर थोडा विचार केला आणि न्हाय म्हणाला. मग उठता उठता त्यानं ते वाक्य टाकलं.

"उद्यापासनं तुमच्या दोघींच्या घरचं दूध निम्मं."

मी उसळलेच. आमच्यावर सूड का, म्हणून विचारलं.

"सूड कसला?" मामा शांतपणे म्हणाला. "त्येचं पोट भरायचं तर कुणाचं तरी कमी हुणारच की. ज्यांनी लिवलं, त्यांच्यापासनं सुरू करतोय."

तो गेला. मुबशिरा खो खो हसली. मला एवढे दिवस वाटत होतं की हे प्रकरण मामा, शेवंता आणि उचगावच्या त्या माणसाचं आहे. त्यात माझ्या सकाळच्या चहाचं पातेलंही आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं.

घरी येऊन अक्काला सांगितलं की उद्यापासून दूध निम्मं, आणि का तेही सांगितलं. मला वाटलं ती मामाच्या नावानं बोटं मोडेल. ओट्यापाशी उभी राहून दुधाच्या पातेल्यावरचं झाकण तिनं काढलं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं.

"दोन वर्षांमागं शेवंता व्याली," ती म्हणाली, "तेव्हा पर्युषणाच्या पारण्याला आपल्याकडं जादा दूध आलं होतं न्हवं? आपण बासुंदी केली, सगळ्या गल्लीला वाटली."

"हो."

"तेव्हाचं रेडकू कुठं गेलं गं?"

उत्तर मला येत होतं. ते तिलाही येत होतं, नाहीतर तिनं विचारलं नसतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. इतक्या वर्षांत पाणी गाळताना तिचा हात एकदाही चुकला नव्हता आणि त्या बासुंदीची चव अजून आमच्या जिभेवर होती. त्या संध्याकाळी आम्ही दोघी जेवलो नाही, सूर्य मावळून गेला होता हे एक कारण होतं.

सकाळी मामानं हाक मारली तेव्हा अक्का स्वतः पातेलं घेऊन दारात गेली. तो माप घालायला वाकला, तर हिनं पातेलं मागं घेतलं.

"नवाबाचं झालं का?" तिनं विचारलं.

"झालं की. टम्म फुगलाय."

"मग घाल."

त्या दिवशीचा चहा अगदी पाणचट झाला होता. मी नाक मुरडलं, अक्का मात्र दोन कप प्याली. नवाब आता शिंगं फुटायच्या वयाला आलाय, शेडात शिरला की मुबशिराचे रंग सांडतो आणि मामा त्याला शिव्या देत पेंडीचं आंबोण चारतो. शेवंता पुन्हा व्याली, यंदाही रेडाच झाला, आणि आमच्या दारात रोज सकाळी पातेलं पुढं करायच्या आधी अक्का दोघांचीही चौकशी करते.